मधल्या खोलीतली चौथी आवृत्ती

सरांचा निरोप आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. परभणीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. एप्रिलात परीक्षा उरकल्या की घरी झरीला येते आणि जून लागेपर्यंत आईच्या हाताखाली राबते. निरोप घेऊन चांगुणाबाई आली होती. ती किशनराव सरांच्या घरची झाडलोट करायची, दोन वेळची भाकरी थापून द्यायची. सरांना दुपारचं दोनेक तास वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. पेपर का, म्हणून मी विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई माय. ते मोठं पुस्तक. डिक्शनरी."

आई हसली. मला हसू आलं नाही. आठवीपासून दहावीपर्यंत सरांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं. पुढं शिकायचं की लग्न करायचं, असा घरात विषय निघाला तेव्हा सर आमच्या ओसरीवर येऊन दोन तास बसले होते, आणि उठले ते वडिलांकडून होकार घेऊनच. त्या माणसाला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

सरांचं घर शाळेच्या मागच्या रस्त्याला, शेवटचं. स्लॅबचं, साधं. पुढं बैठकीची खोली, मग मधली खोली, मागं स्वयंपाकघर, सगळं एका रेषेत. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दाराऐवजी काकूंच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सगुणाबाई. त्या आदल्या दिवाळीत वारल्या होत्या. मुलगा धम्मपाल पुण्याला नोकरीत. तो बोलवायचा, पण सर झरी सोडायला तयार नव्हते.

मी गेले तेव्हा सर वेताच्या खुर्चीत बसले होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली होती. पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. समोर कूलर घरघरत होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि स्टुलावर ती जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. पाचवी आवृत्ती.

सरांचं एक काम मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, पण त्याचा आवाका तेव्हा कळला नव्हता. ही एकच डिक्शनरी ते जन्मभर विकत घेत आले होते. आठ-दहा वर्षांनी नवी आवृत्ती निघाली की तीही आणायची, आणि जुनी शेजारी ठेवून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ताडून बघायची. काय गेलं, काय आलं, काय बदललं. त्यासाठी वही होती, आणि वहीत तीन रकाने. पहिलीची दुसरीशी, दुसरीची तिसरीशी, तिसरीची चौथीशी अशी तुलना झालेली होती. हे कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "पुस्तकात कोणाला घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं आणि घेतलं तर काय म्हणून घ्यायचं, हे कुठंतरी बसलेली चार माणसं ठरवतात. त्यांच्यावर कुणीतरी नजर ठेवायला पाहिजे का न्हाई?"

चौथी आणि पाचवी ताडायला घेतली तेव्हा त्यांची नजर अधू झालेली होती. म्हणून काकू मदतीला बसल्या. काकूंची शाळा चौथीपर्यंतची. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण सरांनी अक्षरं शिकवली होती. सर पुढच्या खोलीत भिंग घेऊन पाचवी वाचायचे. कूलरचा वारा काकूंच्या गुडघ्यांना सोसायचा नाही, म्हणून त्या मधल्या खोलीत पाटावर बसून चौथीतले शब्द एकेक अक्षर लावून ओरडून सांगायच्या. दोघांचं जुळलं की पुढं. नाही जुळलं की थांबायचं आणि वहीत लिहायचं. असे ते तीन वर्षांत ए पासून एम पर्यंत आले होते. 'मिल्क'पाशी काकू म्हणाल्या, चहा ठेवते. त्या स्वयंपाकघरात गेल्या. आधण उकळून आटलं तरी त्या परत आल्या नाहीत, तेव्हा सर चाचपडत मागं गेले.

हे सगळं सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, शांतपणे. मग पाचवी आवृत्ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, मिल्कच्या पुढून वाच.

"आणि चौथी, सर?"

"चौथी मधल्या खोलीत हाय. तिथंच राहू दे. तिचं मी बघतो."

मला वाटलं, सरांना ती पाठ असेल. मी वाचायला लागले. मिल्कमेड. मिल्कमन. मिल्कशेक. सरांनी हात वर केला. मान किंचित पडद्याकडं कलती होती. "चौथीत इथं मिल्कसॉप होता," ते म्हणाले. "भित्रा, मेंगळट माणूस. काढला वाटतं." मी बघितलं, खरंच नव्हता. 'गेलेले'च्या रकान्यात लिहिला. पुढं 'माउस' आला, त्यात कॉम्प्युटरचा अर्थ होता. "चौथीत नुसता उंदीर," सर म्हणाले. मी थक्क झाले. अठराशे पानांचं पुस्तक या माणसाच्या डोक्यात शब्दाला शब्द होतं.

एक गोष्ट मात्र खटकायची. मी जरा भरभर वाचलं की ते म्हणायचे, "सावकाश. मागं पडायलंय." मला वाटायचं, ते स्वतःबद्दल बोलतात.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. दीडच्या सुमारास मी एन मध्ये होते. 'नेबर' हा शब्द वाचला, आणि लाइट गेली. कूलरचं पातं फिरत फिरत मंद झालं, एकदा कुरकुरलं आणि थांबलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात शांतता झाली.

पण पूर्ण नाही.

"यन... ई... आय..."

आवाज हलका होता, बाईचा, घशातून ओढून काढल्यासारखा. पहिलीतलं लेकरू पाटीवर बोट ठेवून वाचतं तसा.

"जी... यच..."

मी सरांकडं बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. चेहरा पडद्याकडं, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला आधी तेच भयंकर वाटलं. शेजारी कुणी पोर अभ्यास करत असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. मेच्या सुट्टीत, भर दुपारी, कोण अभ्यास करतं? आणि शेजार कुठला, त्या बाजूला घर नव्हतंच.

"बी... ओ... यू... आर."

मग आवाज थांबला. वाट बघितल्यासारखा.

मी उठले. का उठले, ते सांगता येणार नाही. पडदा बाजूला केला. आत अंधार होता आणि बाहेर भट्टी पेटलेली असताना त्या खोलीतली फरशी पायाला गार लागली. जुन्या कागदाचा वास, आणि त्याच्या मागं आटून करपलेल्या चहाचा. पाट मांडलेला होता. समोर चौथी आवृत्ती उघडी. त्या पानावर मी मोबाइलचा उजेड धरला. एन. उजव्या पानावर मधोमध, 'नेबर'. त्या खोलीला खिडकी नव्हती, पंखा नव्हता. मागच्या पाच दिवसांत मी कितीतरी पानं पुढं गेले होते, आणि आत कुणीतरी तितकीच पानं उलटली होती.

"भिऊ नको," सर बाहेरून हळू आवाजात म्हणाले. "सगुणा हाय."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी मग सगळं सांगितलं. काकू गेल्यावर पंधरा दिवसांनी मन रमेना म्हणून त्यांनी भिंग घेऊन पाचवी उघडली आणि सवयीनं एक शब्द मोठ्यानं वाचला. आतून अक्षरं आली. ते रडले. मग रोज दोन-चार शब्द, जेवढे दिसतील तेवढे. पण फेब्रुवारीत उरलीसुरली नजरही गेली. आपण वाचलं नाही तर आतूनही कुणी वाचत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. दोन-अडीच महिने घर मुकं होतं. "म्हणून तुला बोलावलं," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर तू आली न्हाई असतीस."

मी घरी गेले. ऊन लागलं, असं आईला सांगून भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दोन दिवस सरांकडं गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात काठीचा आवाज आला. सर एकटे, डोक्यावर टॉवेल टाकून, चाचपडत तीन गल्ल्या विचारत विचारत आले होते. ओसरीवर उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. आईनं पाणी दिलं. बाकी कशाचा उल्लेख त्यांनी केला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "वाचायचं राहिलंय, राजेश्री."

मी पुन्हा जायला लागले.

माणसाला कशाचीही सवय होते, हे मी त्या महिन्यात शिकले. आता सर कूलर बंद ठेवायला सांगायचे. उकाड्यात आम्ही दोघं घामाघूम बसायचो, मी पाचवीतला शब्द आणि अर्थ वाचायची, आणि आतून ती अक्षरं यायची, जड, अडखळत. सारखं असेल तिथं दोन आवाज बरोबर चालायचे. पाचवीत नवीन शब्द असला की माझा एकटीचा आवाज खोलीत राहायचा. जुना काढून टाकलेला असला की मी गप्प, आणि ती एकटी. त्या शब्दांच्या वेळी मात्र माझ्या मानेवर काटा यायचा. पुस्तकातून हाकलून दिलेले शब्द, आणि ते म्हणणारं कुणीतरी, जे घरात असायला नको होतं.

पी मध्ये पहिला फरक पडला. 'फोटोग्राफ' आला. मी वाचला आणि थांबले, कारण काकूंना आता पी, यच, ओ असं लांबलचक लावावं लागणार. पण आतून आलं, "फोटोग्राफ." अख्खा शब्द, न अडखळता.

सरांनी मांडीवर थाप मारली. "शिकली!" ते म्हणाले. "बघ, मेल्यावर शिकली."

आर पर्यंत अक्षरं लावणं बंदच झालं, आणि वाचन झपाट्यानं पुढं सरकू लागलं. शब्द पूर्ण यायला लागले, मग अर्थही, माझ्या बरोबरीनं. एस मध्ये एक दिवस मला जाणवलं की आवाज आता मागं नाही. जरासा पुढं आहे. मी तोंड उघडायची आणि शब्दाची सुरुवात आतून झालेली असायची. 'शेड्यूल' हा शब्द मी ज्या पद्धतीनं म्हणते, विद्यापीठात शिकले तशा, तसाच आतून आला. मी सरांकडं बघितलं. ते हसत नव्हते. बरेच दिवस हसले नव्हते, ते मला तेव्हा लक्षात आलं.

टी संपत आला त्या दिवशी मी पोचले तर सर घराबाहेर, शाळेच्या भिंतीलगतच्या लिंबाखाली दगडावर बसले होते. मला तिथंच बसवलं. पुस्तक आणलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी काठीनं मातीत रेघा ओढल्या.

"राजेश्री, सगुणानं चाळीस वर्षांत यम ला कधी एम म्हटलं न्हाई," ते म्हणाले. "मी किती सांगितलं. हसायची. म्हणायची, माझी जीभ अशीच हाय."

मातीतली रेघ त्यांनी पायानं पुसली.

"काल रातच्याला मी हाक मारली. सगुणा, म्हटलं. नावानं. नंतर तुझ्या पाचवीतला एक शब्द आठवून म्हटला, तर लगेच आतून आला, मग पुढचेही यायला लागले. परत हाक मारली. वाचत राहिली ती. ओ दिली न्हाई, थांबली न्हाई." त्यांनी काठी खाली ठेवली. "सगुणा थांबली असती. चुलीवर दूध उतू गेलं असतं तरी थांबली असती."

"मग ते कोण आहे, सर?"

"मला म्हाईत न्हाई. पैल्यांदा आलं तेव्हा तिच्यासारखं बोलायचं, कारण तिचंच ऐकलेलं होतं. आता तुझं ऐकायलंय."

वाचन थांबवायचं ठरलं. त्याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. पण सर उठेनात. त्यांचं एक मागणं होतं. एका शब्दासाठी ते सगळ्या आवृत्त्यांत थांबले होते. प्रत्येक वेळी रांगेनं तिथं पोचायचे, आधी कधी पान उघडून बघायचे नाहीत. शब्द यू मधला होता. त्यांच्या वडिलांना गावानं ज्या नावानं लांब ठेवलं, त्याचा इंग्रजी शब्द. अनटचेबल. पहिल्या आवृत्तीत अर्थ होता, हिंदू समाजातील सर्वांत खालच्या जातीचा मनुष्य. दुसरीत तोच, तिसरीत तोच, चौथीतही तोच. जसा काही कायदा झालाच नाही, छप्पन्न सालची दीक्षा झालीच नाही, आणि किशनराव नावाचा माणूस याच भाषेचा मास्तर झालाच नाही. त्यांना पाचवीत काय आहे, ते ऐकायचं होतं.

"तेवढं एक वाच. रांग मोडून वाच. मग कुलूप लावू."

इथं लिंबाखाली वाचते, मी म्हटलं, पुस्तक आणते. पाचवी बैठकीतल्या स्टुलावर होती. मी आत पाऊल टाकलं आणि सर माझ्या मागोमाग आत आले, खुर्ची चाचपून बसले. उन्हात बसून ते थकलेले दिसत होते. आता उठवावं असं मला वाटलं नाही. एकच शब्द. मी उभ्यानंच पान काढलं.

शब्द मी वाचला. तो आतूनही आला, बरोबरीनं.

मग अर्थ. पहिलाच शब्द मी एकटीनं वाचला. 'फॉर्मर्ली.' पूर्वी. आत शांतता. पुढचं वाक्य आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. आणि शेवटी पाचवीतली एक टीप होती, हा शब्द आता अपमानकारक मानला जातो, ती मी एकटीनं.

"तो पैला शब्द परत वाच," सर म्हणाले.

"फॉर्मर्ली."

त्यांच्या बंद पापण्यांखालून पाणी आलं. "एवढ्या एका शब्दाला चाळीस वर्षं लागली त्यांना," ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं. आणि पडद्याआडून आलं, सावकाश, चव घेतल्यासारखं.

"फॉर्मर्ली."

चौथीत त्या जागी तो शब्द नव्हता. पण मी गोठले ते त्यामुळं नाही. तो आवाज माझा होता. मला त्या दिवशी सर्दी होती; माझा 'र' जिथं किंचित घसरत होता तिथंच घसरलेला.

सरांनी मान पडद्याकडं वळवली. "राजेश्री," ते म्हणाले, "तू आत कशाला गेलीस?"

मी पुस्तक छातीशी घट्ट धरलं. "सर... मी इथंच आहे."

आणि आतून, तितकंच थांबून, तितक्याच कापऱ्या आवाजात,

"सर... मी इथंच आहे."

सरांचे दोन्ही हात हवेत वर आले. एक माझ्याकडं, एक पडद्याकडं. त्यांचा चेहरा एकदा इकडं, एकदा तिकडं वळायला लागला. मी बोलले की तीही बोलणार होती, म्हणून मी ओठ दाबून धरले, पुढं झाले आणि त्यांचा हात पकडला. त्यांनी माझं मनगट चाचपलं, घड्याळाचा पट्टा चाचपला, बाहीपर्यंत बोटं नेली.

"लय गार हायत हात," ते पुटपुटले. "तूच ना?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना ओढतच बाहेर काढलं. उन्हात आल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मगच श्वास सोडला. पाचवी आवृत्ती आत फरशीवर पडली होती. ती आणायला दोघांपैकी कुणी गेलं नाही.

सर त्या घरात पुन्हा झोपले नाहीत. दोन रात्री ते चांगुणाबाईच्या ओसरीवर राहिले. धम्मपाल रेल्वेनं आला, त्यांचे कपडे आणि ती वही घेऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. मी तेव्हा तापानं फणफणले होते, त्यामुळं निरोपही देता आला नाही. धम्मपालला मी लहानपणी लांबून पाहिलेला, बोलणं कधी झालं नव्हतं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. सरांना फोन करायचा, असं मी रोज ठरवायची. केला नाही. नंबर काढायची आणि वाटायचं, आंधळ्या माणसाला आता माझा आवाज फोनवर ऐकवायचा, आणि त्यानं कशावरून ओळखायचं की ही मीच? मनगट तर फोनमधून देता येत नाही. असं करता करता पोळा गेला, दसरा गेला. मला लाज वाटत राहिली, पण धीर झाला नाही.

डिसेंबरात सर गेल्याचं कळलं. पुण्यातच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मात्र झरीला, विहारात ठेवला होता, गावच्या लोकांसाठी. मी गेले. त्रिसरण झालं, शाळेतल्या दोघातिघांनी आठवणी सांगितल्या, खीर वाटली. मी मागं बसले होते. उठताना धम्मपाल गर्दीतून माझ्याकडं आला. चांगुणाबाईनं त्याला मी कोण ते दाखवलं असावं. त्याच्या हातात सरांची वही होती.

"ही तुमच्याकडं राहू द्या," तो म्हणाला. "तुमचाच वाटा जास्त आहे हिच्यात."

मी वही उघडली. एम पासून टी पर्यंत माझं अक्षर. त्याच्यापुढं दुसरंच, गोल, बाईचं अक्षर. यू. व्ही. डब्ल्यू. तीन रकाने. गेलेले, आलेले, बदललेले. पानामागून पान भरलेलं, थेट झेडपर्यंत.

"बायकोचं अक्षर आहे," धम्मपाल म्हणाला. "बाबा सांगायचे, ती लिहायची. तुमचा फोन रोज दीडला यायचा, बाबा आधीपासून तयार होऊन बसायचे. मी घरी असलो की स्पीकरवर लावून द्यायचो. खरं सांगतो, त्या दोन तासांवर ते जगले. मी तुम्हाला कितीदा फोन करून आभार मानायचे ठरवलं, पण बाबा करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तिला काही कळवू नको." त्यानं रुमालानं डोळे टिपले. "शेवटी शेवटी जरा भ्रमात बोलायचे. म्हणायचे, ती कोण का असेना, शेवटापर्यंत नेती मला. झेड संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले."

माझ्या हातात वही होती आणि ती मला धरवत नव्हती. विहाराच्या दारात लोक चपला शोधत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी कधीच फोन केला नाही, हे सांगायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून मी एवढंच म्हणाले, "दादा, सरांना त्रास नाही ना झाला?"

त्यानं मान हलवली, नाही. मग माझ्याकडं जरा निरखून बघितलं, कपाळाला आठी घालून.

"ताई, घसा बसलाय का तुमचा?" तो म्हणाला. "फोनवर तुमचा आवाज असा नव्हता."